महादेवाचं पाणी

भागीरथाबाईंनी उजव्या पायाने चुन्याची रेघ पुसली. घाई नाही, आदळआपट नाही. आधी टाचेने, मग चवड्याने, ओट्याच्या आसपास पांढरं म्हणून काही उरणार नाही अशी. डाव्या हातातला भरलेला तांब्या हिंदकळलासुद्धा नाही.

पलीकडे दीपा चुन्याचं घमेलं कमरेवर घेऊन उभी होती. तिच्यामागे सात-आठ पोरी पाय झाडत, थंडीने हातावर हात चोळत थांबल्या होत्या.

"पुसा, काकू," दीपा म्हणाली. "मी पुन्हा ओढीन."

भागीरथाबाई बोलल्या नाहीत. झोपेतून उठल्यापासून महादेवाच्या डोक्यावर पाणी पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम होता. दूधवाल्याला तो माहीत होता, पुण्याच्या मुलाला माहीत होता, साऱ्या कॉलनीला माहीत होता. मौनाचं एक असतं, तोंड मिटलं तरी राग मिटत नाही. तो दुसरीकडून वाट काढतो. भागीरथाबाईंचा राग हल्ली पायात उतरला होता.

त्यांनी पदर सावरला, बेलाच्या झाडाखालच्या विटांच्या ओट्यावर बसवलेल्या काळ्या गुळगुळीत गोट्यावर सावकाश धार धरली, तीन पानं वाहिली, डोळे मिटले. पाणी ओट्यावरून उतरलं आणि उत्तरेकडच्या उताराने बारीक ओहोळ करत मैदानात गेलं. डोळे उघडले तेव्हा पोरी धावायला लागल्या होत्या. एकेक पोरगी त्या ओहोळावरून टणाटण उड्या मारत गेली.

आता बोलायला मोकळीक होती.

"महादेवाचं पाणी ओलांडत नसतात," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. "एवढं तरी घरी शिकवलं नाही का कोणी?"

"आमच्या घरी महादेव नसते, काकू," दीपा घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही मैदानाच्या मधात कायले बसवला?"

"मी बसवला तेव्हा इथं मैदान नव्हतं. बाभळी होत्या."

"नकाशात तेव्हाही मैदानच होतं. ममता, हात हलव, हात. लग्नात नाचून राह्यली का?"

यवतमाळच्या दारव्हा रोडला पाटबंधारे खात्यातल्या लोकांनी मिळून ही कॉलनी वसवली, तेव्हा मधोमध एक मोठा तुकडा खेळासाठी म्हणून मोकळा सोडलेला होता. कागदावर सोडला आणि विसरून गेले. कॉलनीतली मुलं शिकली, पुण्याला, बंगलोरला गेली. खेळायला कोणी राहिलंच नाही. नाल्यापलीकडच्या वस्तीत मात्र पोरी होत्या. त्यांना पोलीस भरतीसाठी पळायचं होतं आणि स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दीपाची स्वतःची भरती दोनदा थोडक्यात हुकली होती. आता ती दिवसा झेरॉक्सच्या दुकानात बसायची आणि सकाळी या पोरींच्या मागे लागायची. मैदानाच्या एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला नाल्याचा उतार. पळायची पट्टी ओट्याला लागूनच जाणार, त्याला इलाज नव्हता.

ओटाही काही मुद्दाम आडवा आलेला नव्हता. भागीरथाबाईंचे यजमान बेंबळा धरणाच्या कामावर होते, तेव्हा एकदा नदीतला हा नारळाएवढा गोटा घेऊन आले. श्रावण तोंडावर होता. भागीरथाबाईंनी बेलाच्या रोपट्याशेजारी चार विटा मांडल्या, गोटा ठेवला, हातात पाणी घेऊन संकल्प सोडला, की महिनाभर तुला इथे बोलावते, रोज पाणी घालीन, महिना सरला की सोडीन. महिना सरत आला तेव्हा यजमानांच्या छातीत दुखलं आणि नागपूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस गेले. ते नीट होऊन घरी आले. अशा देवाला कोण जा म्हणणार? पुढच्या श्रावणात सोडू, म्हणता म्हणता बेलाचं झाड घराएवढं झालं. यजमान गेले, मुलगा पुण्याला गेला, महादेव तिथेच राहिला. येणारेजाणारे हात जोडू लागले. कोणीतरी घंटा बांधली.

त्या दिवशी संध्याकाळी नीळकंठराव आले. ते सोसायटीचे अध्यक्ष, यजमानांचे जुने सहकारी, निवृत्त होऊनही शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारे. सोबत त्यांच्या पत्नी पद्मजाताई होत्या.

"वहिनी, काम झालं म्हणून समजा," चहाचा कप बशीत ठेवत ते म्हणाले. "बुधवारी सकाळी नगर परिषदेचे साहेब जागा पाहायला येऊन राह्यले. त्या दीपाने अर्ज केला आहे, खेळाचं मैदान करून द्या म्हणून. आपलाही अर्ज आहे, सभामंडपाचा. साहेब म्हणतात, जे प्रत्यक्ष असेल ते लिहीन."

"म्हणजे?"

"म्हणजे जुनं देवस्थान असलं, लोकांची रोजची पूजा असली, तर त्याला कोणी हात लावत नाही. महादेवावर पक्कं छत होईल. वर तांब्याची गळती बसवू, चोवीस तास थेंब थेंब अभिषेक. भोवती भिंत, मोठं गेट, गेटला कुलूप. तुम्हाला काही करायचं नाही. रोजच्यासारखं यायचं, पाणी घालायचं. साहेब पाहतील. बाकी बोलायला मी आहे."

तांब्याची गळती भागीरथाबाईंच्या डोळ्यांपुढे आली. उन्हाळ्यात तो गोटा दुपारी तव्यासारखा तापायचा. त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"आणि त्या पोरी?" त्यांनी विचारलं.

"पोरींना यवतमाळात जागा कमी आहे का?"

"नाल्याच्या त्या अंगाला पळाव्या ना," पद्मजाताई म्हणाल्या. "हाफ चड्ड्या घालून देवापुढून धावतात. आपल्या लोकांत शोभते का हे?"

"घालीन पाणी," भागीरथाबाई म्हणाल्या. "ते तर मी घालतेच."

दुसऱ्या दिवशी त्या मैदानात गेल्या आणि पाय उचलून तशाच थांबल्या. पुसायला रेघच नव्हती. सरळ येणारी पट्टी ओट्याच्या अलीकडे वळली होती. ओट्याला मागून वळसा घालून, बेलाच्या पलीकडून, पाण्याचा ओहोळ एका बाजूला ठेवून ती पुन्हा मूळ जागी लागत होती. त्यांनी पाणी घातलं. ओहोळ उतरला. पोरी आल्या, वळल्या आणि निघून गेल्या. पाणी कोणीच ओलांडलं नाही.

दीपा घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती.

"तुमच्या देवासाठी नाही केलं," ती स्वतःहून म्हणाली. "पोरी पाण्यापाशी थबकतात. टाइम जाते."

"मी काही बोलली का?"

"नाही. तुम्ही तर बोलतच नाही. पायानं सांगता."

भागीरथाबाई घरी आल्या. तो वळसा दिवसभर त्यांच्या डोक्यातून गेला नाही. भांडायला कारण उरलं नाही याचाच राग आला होता की काय, त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

रविवारी नीळकंठराव कंत्राटदाराला घेऊन मैदानात आले. भागीरथाबाईंची धार नुकतीच पडत होती. डोळे मिटायचे होते. दोघं टेपचं एकेक टोक धरून ओट्याभोवती फिरले. नीळकंठरावांची चप्पल ओहोळात पडली, मग पलीकडे, मग मोजमाप चुकलं म्हणून पुन्हा अलीकडे. तीर्थ चिखल होऊन चपलांना लागलं. भागीरथाबाईंनी बोटाने पाणी दाखवलं.

"भाऊजी, पाणी."

नीळकंठराव हसले. "अहो वहिनी, आपल्याच घरचा महादेव आहे. आपल्याला तो काय म्हणतो?" आणि टेपचं टोक कंत्राटदाराला धरायला देऊन म्हणाले, "हां, इथपर्यंत घ्या. गेट इकडे येईल. ते झाड मधात येते, ते काढून टाकू."

"बेल?" भागीरथाबाई म्हणाल्या.

"दुसरा लावू ना, वहिनी. कुंडीत लावू."

धार अर्धवट राहिली होती, ती त्यांनी पूर्ण केली.

सोमवारी मात्र घात झाला. सकाळच्या धुक्यात पोरी पळत आल्या. बेलाच्या मागच्या वळणावर ममता किंचाळून खाली बसली. ती अनवाणी पळायची. तिच्या मापाचे मागवलेले बूट अजून आले नव्हते. धुरळ्याखाली बाभळीच्या काट्या पसरलेल्या होत्या, वरून माती लोटलेली. अगदी वळणावर, जिथे पाय जोराने रुतावा तिथेच.

भागीरथाबाई तांब्या घेऊन येत होत्या. दीपाने ममताचा पाय मांडीवर घेतला, दात ओठावर दाबून काटा उपसला. बोटाएवढा लांब. मग ती उठली, ओट्यापाशी आली आणि तो रक्ताने माखलेला काटा तिने महादेवासमोर ठेवला, जिथे रोज बेल वाहिला जायचा तिथे.

"घ्या, काकू. तुमच्या देवाचा प्रसाद. कॉलनीवाले सांगून राह्यले, बाईच्या तपश्चर्येची जागा आहे, तिथं कोणी पाय ठेवला तर असंच होईल म्हणे."

भागीरथाबाईंनी मान हलवली. जोराने हलवली. पाणी अजून पडलं नव्हतं.

"काहून? बोला ना. एक दिवस देवाच्या आधी माणसाशी बोलल्या तर तुमचं पुण्य सांडते का?"

दीपाने ममताच्या खाकेत हात घातला आणि तिला घेऊन गेली. भागीरथाबाईंनी घाईघाईने तांब्या उपडा केला. धार नाही, नुसतं ओतलं. पण तोवर त्या दोघी नाल्याच्या पुलापर्यंत पोचल्या होत्या, आणि भागीरथाबाईंच्या आवाजाला तेवढं अंतर कापायची सवय नव्हती.

काटा तिथेच होता. पाण्याने त्याचं रक्त धुऊन निघालं, आणि तीर्थ तांबूस होऊन ओहोळाने गेलं.

त्या तशाच नीळकंठरावांच्या दारात गेल्या. ते ओसरीवर पेपर वाचत होते.

"भाऊजी, काट्या कोणं टाकल्या?"

"टाकल्या असतील कोणी. देवाचंच काम आहे."

"महादेवाले मी बेल वाहते. काट्या नाही."

"वहिनी, दोन दिवसांचा प्रश्न आहे." त्यांनी पेपरची घडी केली. "बुधवारी साहेब येऊन गेले की मिटलं. तोवर शांत राहा. तशाही तुम्ही मौनातच असता."

आतून पद्मजाताईंच्या हसण्याचा आवाज आला. भागीरथाबाई जायला वळल्या. ओसरीच्या कोनाड्यात सार्वजनिक गणपतीचा फोटो होता. दर वर्षी अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा नीळकंठरावच सांगायचे. शिदोरीला दहीभात ठेवायचा, अक्षता टाकायच्या, हात जोडायचे, मूर्ती जागेवरून थोडी हलवायची. मग ते टेम्पोवाल्यांकडे वळून मोठ्याने म्हणायचे, चला, उचला आता, देव गेला, आता नुसती माती आहे. आणि पोरं ती मूर्ती गव्हाच्या पोत्यासारखी टेम्पोत चढवायची.

भागीरथाबाई घरी आल्या. मंगळवारी रात्री त्यांनी थोडं दूध विरजायला ठेवलं.

बुधवारी सकाळी मैदानात सारी कॉलनी जमली. ओट्याला झेंडूची माळ घातलेली होती, घंटेला नवी दोरी होती. बायका ताटं घेऊन आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी आयुष्यात पहिल्यांदाच या महादेवापुढे उभ्या होत्या. नाल्याच्या बाजूला दीपा आणि तिच्या पोरी एका ओळीत उभ्या. ममताच्या पायाला पट्टी होती. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि त्यांना पाहायला जागाही कोणी देत नव्हतं.

साहेब मोटारसायकलवर आले. तरुण, डोळ्यांवर झोप.

"हे बघा साहेब," नीळकंठराव म्हणाले. "कॉलनी झाली तेव्हापासूनचं जागृत स्थान. या आमच्या वहिनी. एक दिवस खंड नाही. पाऊस असो, ताप असो. आणि पाणी पडेपर्यंत तोंडातून शब्द नाही. अशी निष्ठा आजकाल पाहायला मिळत नाही."

साहेबांनी मान डोलावली.

भागीरथाबाई पुढे आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. त्यांनी धार धरली. आज धार रोजच्यापेक्षा जास्त वेळ चालली. तांब्या रिकामा होऊन शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. बेल वाहिला. मग ताटावरचं फडकं काढलं. वाटीत दहीभात होता.

"आज दहीभात कायले?" मागून पद्मजाताई कुणाला तरी हळूच म्हणाल्या.

भागीरथाबाईंनी नैवेद्य दाखवला. उजव्या मुठीत अक्षता घेतल्या, डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. जे म्हणायचं ते आतच म्हटलं. मग त्यांनी अक्षता गोट्यावर सोडल्या आणि हात जोडले. भोवतालचे हात आपोआप जोडले गेले. नीळकंठरावांचेही. इतक्या वर्षांची सवय. अक्षता पडल्या की हात जुळायचेच. जुळलेल्या हातांनीच त्यांनी पाहिलं, भागीरथाबाईंनी दोन्ही तळवे गोट्याला लावले आणि तो उत्तरेकडे चारेक बोटं सरकवला.

विटांवर दगड घासल्याचा आवाज झाला. तेवढाच.

नीळकंठरावांचे हात तसेच हवेत राहिले. पद्मजाताईंनी तोंडाला पदर लावला. पाठीमागच्या बायकांत कुजबुज झाली आणि लगेच विरली. काय झालं ते कोणालाच कोणी सांगायची गरज नव्हती.

भागीरथाबाईंनी गोटा उचलला, पदराने कोरडा केला आणि कुशीत धरला.

"आजी," साहेब म्हणाले. त्यांची झोप उडाली होती. "हे काय आहे?"

"गोटा आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "बेंबळेचा."

साहेबांनी नीळकंठरावांकडे पाहिलं. नीळकंठरावांनी खिशातलं एक पेन काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. साहेब ओट्याभोवती एक फेरी मारून आले. मग खाली वाकून त्यांनी चुन्याची पट्टी कुठून कुठे जाते ते बघितलं आणि दीपाला हाक मारली.

त्याच संध्याकाळी नीळकंठराव दारात आले. आत आले नाहीत.

"कुठे आहे?"

"मागच्या विहिरीत."

"काढू. ब्राह्मण बोलावून पुन्हा प्रतिष्ठा करू. पंधरा दिवसांत साहेबांना पुन्हा बोलावता येते."

"काढा," भागीरथाबाई म्हणाल्या. "गोटे पुष्कळ आहेत त्या विहिरीत. तुमच्या मनाला येईल तो घ्या."

"बेइमानी केली तुम्ही, वहिनी. आपल्या लोकांशी."

"महिन्यासाठी बोलावलं होतं, भाऊजी. पाहुणा लय ठेवला मी."

नीळकंठरावांनी जाताना फाटक लावलं नाही.

मग कॉलनी गप्प झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीची पोथी दर वर्षी भागीरथाबाई वाचायच्या. त्या गुरुवारी पद्मजाताईंनी स्वतःच माईकवर वाचली, आणि त्यांचा आवाज भिंतीवरून भागीरथाबाईंच्या स्वयंपाकघरात येत राहिला. भाजीच्या गाडीपाशी त्या गेल्या की बायकांना एकदम घरचं काहीतरी आठवे. हरिपाठाच्या बायकांनी जागा बदलली ती त्यांना कळवली नाही. आयुष्यभर रोज तास-दीड तास मौन पाळलेल्या बाईला आता दिवसभराचं मिळत होतं, न मागता. मुलाचा फोन आला की त्या दोन शब्द जास्तच बोलायच्या. तो विचारायचा, आई, बरं आहे ना? बरं आहे, त्या म्हणायच्या.

सकाळचा नेम मात्र सुटेना. पाय आपले आपण तांब्या भरून घेत आणि निघत. देव नव्हता, बेल होता. त्याच्या मुळाशी पाणी घातलं की त्या परत फिरायच्या. ओटा कोणीतरी उखडून नेला होता. चार विटांची ओली चौकट तेवढी जमिनीवर उमटलेली. पोरी पळायच्या. कोणी त्यांच्याकडे पाहायची नाही, ममतासुद्धा नाही.

अशाच एका सकाळी भागीरथाबाई आल्या तेव्हा वळसा पुसलेला होता. पट्टी सरळ, विटांच्या चौकटीवरून, जणू तिथे कधी काही नव्हतंच, अशी ताज्या चुन्यात ओढलेली. तिच्याकडे पाहत त्या तिच्या मधोमधच थांबल्या. तांब्या जड झाला.

"ओ काकू," लांबून दीपा ओरडली. तिचा आवाज मोकळ्या मैदानात खणखणीत आला. "बाजूला व्हा ना. पोरी येऊन राह्यल्या."

आठवड्याभरात कॉलनीच्या हद्दीत कोणी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. पाणी अजून पडलं नव्हतं.

"हो, हो, झाली," भागीरथाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी लुगड्याच्या निऱ्या घोट्यावर उचलून धरल्या, आधी एक पाऊल, मग दुसरं, रेघेला धक्का लागणार नाही असं जपून ठेवत त्या पट्टीबाहेर झाल्या.